सतरा नंबरचा जोड

बारकी तेरा वर्षांची होती तेव्हा वीज केंद्रातला वाफेचा पाइप फुटला आणि तिचा मामा गेला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. शाळेत भूमितीचा तास चालू होता. आधी बाकाखालची फरशी हादरली, मग आवाज आला आणि खिडक्यांच्या काचा थरथरत राहिल्या. बाई म्हणाल्या, "केंद्रात वाफ सोडली असेल. वहीत बघा." सगळ्यांनी वहीत बघितलं. बारकीनेही त्रिकोण पुरा केला. पुढे कित्येक वर्षं तिला ह्याच गोष्टीची लाज वाटत राहिली, की मामा जात होता तेव्हा आपण पट्टीने रेघ मारत होतो.

तिच्याहून लहान किंवा मोठं असं घरात दुसरं मूल नव्हतं, तरी नाव बारकीच पडलं होतं. जन्मली तेव्हा बाबांच्या हातमोज्यात मावेल एवढी होती म्हणे. आता बाबांचा हातमोजा म्हणजे वेल्डरचा, कोपरापर्यंत येणारा, त्यात दोन मांजरीही मावल्या असत्या, असं मामा म्हणायचा. मामा कशावरही विनोद करी. आईचा हा धाकटा भाऊ. कामधंदा नाही म्हणून दोन वर्षं नुसता फिरत होता, तर बाबांनीच शब्द टाकून त्याला केंद्रात फिटर म्हणून चिकटवला. शेजारच्याच खोल्या घेऊन दिल्या. मामी लग्न होऊन आली ती तिथेच. दोन्ही घरांमध्ये एक भिंत होती आणि काही हवं असलं की आई लाटण्याने त्या भिंतीवर ठोकायची.

बाबा केंद्रातले सगळ्यात भरवशाचे वेल्डर. मोठ्या दाबाच्या वाफेचे पाइप जोडायचं काम सोम्यागोम्याला देत नसत. जोड पुरा झाला की प्रत्येक वेल्डरने त्याच्या शेजारी आपला नंबर ठोकायचा, म्हणजे उद्या काही झालं तर जोड कोणाचा ते कळावं. बाबांचा नंबर सतरा. जोडाचे एक्स-रे काढणारे म्हणत, सतराच्या जोडाला फिल्म वाया घालवायची गरज नाही. बाबांना हे कोणी सांगितलं की ते खाली बघून हसत आणि हातमोजे झटकायला लागत.

फुटलेल्या पाइपावर सतरा नंबर होता.

जोड अकरा वर्षांपूर्वीचा. अकरा वर्षं त्यातून रात्रंदिवस वाफ गेली, लाल व्हायच्या बेताला आलेल्या लोखंडासारखी तापलेली. त्या दिवशी मामा एक व्हॉल्व्ह बघायला त्याच्या खाली गेला होता. दुसरं कोणीही जाऊ शकलं असतं.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी पाइप बघितला, कागद चाळले, पंधरा दिवसांनी अहवाल दिला. कारण दोन शब्दांत होतं: सदोष जोडकाम. बाबांना समोर बसवून विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? बाबा म्हणाले, "जोड माझाच आहे." एवढंच. बाजूने बोलायला युनियनचा माणूस बसला होता, त्याने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, तरी बाबांनी पुढे ब्र काढला नाही. त्यांचं वेल्डरचं प्रमाणपत्र काढून घेतलं गेलं.

आईचं काय झालं असेल हे बारकीला मोठेपणी समजलं. आई मेलेल्याची बहीण होती आणि ज्याच्यावर ठपका आला त्याची बायको. भावासाठी मोठ्याने रडावं तर समोर नवरा बसलेला, आणि नवऱ्याला धीर द्यावा तर भिंतीपलीकडून मामीचं रडणं ऐकू येतंय. तिने दोन्ही केलं नाही. ती कामाला लागली. डबे घासले, माळा झाडला, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. महिनाभराने मामीने खोल्या सोडल्या. हातगाडीवर शिलाई मशीन चढवलं, आईने पुढे होऊन एका बाजूने हात लावला, तर मामी म्हणाली, "राहू द्या वन्सं. मी उचलेन." त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. गाव काही मोठं नव्हतं. भाजीच्या गल्लीत मामी समोरून दिसली की आई दुसऱ्याच दुकानात शिरायची आणि नको असलेलं काहीतरी घेऊन घरी यायची.

बाबांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंक्चर, ब्रेक, साखळी. हात असा होता की चाकाचा बाक नुसत्या बोटांनी ओळखत. पण सायकलची चौकट तुटली, वेल्डिंगचा एक टाका मारायचा असला, की गिऱ्हाइकाला सरळ दुसऱ्या दुकानात पाठवायचे. लोक म्हणायचे, बिचाऱ्याने धसका घेतलाय. बारकीलाही तसंच वाटायचं.

अभियांत्रिकीला गेल्यावर तिने धातुशास्त्र घेतलं तेव्हा घरात कोणीच काही बोललं नाही. बाबांनी फक्त विचारलं, "त्यात लोखंडाचंही शिकवतात ना?" ती म्हणाली, "लोखंडाचंच जास्त." बाबा "बरं" म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसले.

पुढच्या शिक्षणासाठी ती ज्या प्रयोगशाळेत गेली तिथे एकच काम चाले. फार तापल्यावर धातू कसे वागतात ते बघायचं. तिच्या गाईड म्हणजे एक बारीक चणीच्या, आखूड केसांच्या बाई होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. तळघरातल्या लांबट खोलीत बारा उभ्या भट्ट्या होत्या. पोलादाची बोटाएवढी सळई भट्टीत धरायची, तापवायची, खाली तरफेला वजन टांगायचं आणि सोडून द्यायचं. तापलेलं पोलाद त्या वजनाने ताणलं जातं, पण इतकं सावकाश की दिवसभर बघत बसलं तरी काटा हललेला दिसत नाही. रोज सकाळी आकडा लिहायचा. महिने जातात. मग एक दिवस सळई तुटते, वजन खालच्या वाळूच्या पेटीत धपकन पडतं आणि घड्याळ थांबतं. किती तास तग धरला, ते उत्तर. ह्या विषयात पोरांची लग्नं लांबतात, असं जुने विद्यार्थी नव्यांना सांगायचे. आणि अमुक सरांचं लग्न ठरून मोडलं तरी त्यांची सळई तुटली नव्हती, हेही.

बारकीला ते काम आवडलं. तिच्यात बाबांचा सोशिकपणा होता.

दुसऱ्या वर्षी वीज केंद्राने मॅडमना काम दिलं. जुन्या पाइपांचे जोड अजून किती वर्षं टिकतील ते सांगा. नमुने म्हणून पेट्या भरून पाइपांचे तुकडे आले. वेगवेगळ्या वेल्डरांचे जोड होते. पेट्या उघडायचं काम बारकीचं. तिसऱ्या पेटीच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेलं अर्धं कडं निघालं. एक कड फाटून बाहेरच्या बाजूला उलटली होती. चौकशीनंतर ते स्टोअरमध्ये पडून राहिलं असणार, कोणीतरी जागा रिकामी करताना ह्या पेटीत टाकलं. तिने चिंधीने गंज पुसला. अंगठ्याखाली एक आणि सात लागले.

ती तिथेच फरशीवर बसली. मग उठली, दार लोटून घेतलं आणि कोणाला न विचारता त्या कड्याचा एक तुकडा कापला.

तुकडा राळेत बसवून आरशासारखा घासायला तिला पूर्ण दिवस लागला. आम्लाचा हात फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाबांचा जोड तिने आयुष्यात पहिल्यांदा आतून बघितला. एकावर एक थर, नीट बसलेले. एक बुडबुडा नाही, एक कण मळ नाही. आणि भेग? भेग जोडात नव्हतीच. ती जोडाच्या बाहेर, तीनेक मिलिमीटर अंतरावर, मूळ पाइपाच्या पोलादात होती. जोड देताना त्याच्या कडेचा एक अरुंद पट्टा अर्धवट तापतो. तेवढ्या पट्ट्यात पोलादाचे कण बारीक होतात आणि ते तिथे कमजोर पडतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यात बारीक पोकळ्या झाल्या होत्या, पोकळ्यांची रांग झाली होती, रांगेची भेग. कोणीही जोडला असता तरी पट्टा पडलाच असता. त्या काळी हे पोलाद नवं होतं, ह्याचा एवढा अभ्यास कोणाकडे नव्हता.

तिने भिंगावरून डोळा काढला, कारण त्यातून आता काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. पाइप, मामा, सतरा नंबर. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "न विचारता कापलास?"

"हो."

"तुला ह्या कामावरून काढायला हवं."

"काढा. पण मग दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. पेटीत परत टाकू नका."

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग वळल्या. "एका तुकड्यावरून काही ठरत नाही, हे तुला मी शिकवायला नको. उद्या कोणीही म्हणेल, पोरीने बापाला सोडवलं. तुझा एक कागद कोणी वाचणार नाही. करायचं तर असं करायचं, की कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. ह्या जोडाचे नमुने, बाकी वेल्डरांच्या जोडांचे नमुने, सगळे मी सांकेतिक आकडे देऊन तुझ्याकडे देणार. कोणता कोणाचा ते पाकिटात, पाकीट माझ्या कपाटात. तू फक्त मोजायचं. शेवटचा नमुना तुटेपर्यंत."

"चालेल."

"आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही."

बारकीने चमकून वर बघितलं.

"अगं, आज तू त्यांना सांगितलंस, आणि वर्षभराने उलटं निघालं तर? दोनदा मारशील त्यांना," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. "वर्षाचा प्रश्न आहे. कबूल?"

बारकीने कबूल केलं. मॅडमचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

नमुने भट्ट्यांवर चढले. काही चार महिन्यांत तुटले, काही सहा. सगळे जोडाशेजारच्या त्या पट्ट्यातच तुटत होते, पण कोणता कोणाचा ते तिला माहीत नव्हतं, आणि सगळ्यात हलकं वजन लावलेला एक नमुना अजून ताठ उभा होता. पाइपातल्या खऱ्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळचा तोच. तो तुटल्याशिवाय पाकीट उघडणार नव्हतं. बारकी रोज सकाळी त्याचा आकडा लिहायची. भट्टीजवळ उभी राहून मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची आणि लगेच, घाई करू नकोस हं, असंही म्हणायची.

त्याच थंडीत बाबांना धाप लागायला लागली. वीस वर्षं वेल्डिंगचा धूर घेतलेली छाती होती. आधी जिना चढताना थांबायचे, मग दुकान उघडणं बंद झालं, मग इस्पितळातली खिडकीजवळची खाट, नाकाला नळी. डॉक्टरीणबाई आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता जेवढं होईल तेवढं.

बारकी दुपारी प्रयोगशाळेतून निघून इस्पितळात येई. एका दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काम कसं चाललंय?"

"चाललंय. एक सळई तुटायची राहिलीय."

"किती दिवस झाले?"

"दिवस नाही हो बाबा, तास मोजतात. सहा हजार आठशे झाले."

बाबा हसले, हसताना ठसका लागला. तिने पाठीवरून हात फिरवला. श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "केंद्राच्या पाइपांचं काम आहे ना तुमच्याकडे? स्टोअरवाला भेटला होता मागे, सांगत होता, सगळ्या पेट्या तिकडे गेल्या म्हणून."

तिने उशाचा नॅपकिन उचलून बाजूला ठेवला.

"माझ्या जोडाचा तुकडा आला का गं त्यात?"

चौदा वर्षांत त्यांनी त्या जोडाचं नाव घरात काढलं नव्हतं. बारकीच्या तोंडाशी सगळं आलं. बाबा, मी बघितलाय तो. एक बुडबुडा नाही हो त्यात. तिने तोंड उघडलं, आणि मॅडमचा आवाज आठवला, दोनदा मारशील. तिच्या मनाने हिशोब केला, अजून दोन-तीन महिने, डॉक्टरीणबाई काही म्हणोत, बाबा तेवढे काढतील, आणि मग हातात सही-शिक्क्याचा कागद घेऊनच सांगेन, नुसती पोरीची माया म्हणून नाही.

"आलाय," ती म्हणाली. "पण पुरं झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं मॅडमना कबूल केलंय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. मग नको सांगू. तुटू दे निवांत. घाईचं काम वाईट." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खाली आवारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ते बघत राहिले.

त्या वळलेल्या मानेचं काय समजायचं हे बारकीला कधीच ठरवता आलं नाही. पोरगी वाईट बातमी लपवतेय असं त्यांना वाटलं असेल, की पोरगी कामाला पक्की निघाली म्हणून बरं वाटलं असेल? चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, आई त्यांचा चेहरा ओल्या फडक्याने पुसत असताना ते गेले. बारकी तेव्हा भट्टीपुढे आकडा लिहीत होती. सहा हजार नऊशे. निरोप आल्यावर तिने वहीत आकड्यापुढे वेळ लिहिली, वही बंद केली आणि इस्पितळाकडे निघाली.

सगळं आटोपल्यावर ती पंधराव्या दिवशी कामावर आली. मॅडम तळघराच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तुला अडवलं." बारकी म्हणाली, "मी अडले." मॅडमनी तिचा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दिवसापासून सकाळचा आकडा लिहायला दोघी बरोबर येऊ लागल्या.

सळई आठ हजार चारशे बारा तासांना तुटली. बाबा जाऊन नऊ आठवडे झाले होते. दुपारची वेळ, खोलीत बारकी एकटीच होती. वजन वाळूत पडल्याचा आवाज आला आणि ती जागची हलली नाही. मग मॅडमना बोलावलं. पाकीट फोडलं. शेवटचा नमुना सतराचा होता. तो तुटला तोही जोडात नाही, कडेच्या पट्ट्यातच. आणि सारख्याच वजनाला लावलेल्या बाकी पाच वेल्डरांच्या जोडांपेक्षा सतराचे नमुने काकणभर जास्तच टिकले होते.

मग एकच प्रश्न उरला. पट्टा तर सगळ्यांच्याच जोडात पडतो, मग फुटला तो हाच का? बारकीने केंद्राच्या जुन्या देखभालीच्या नोंदी मागवून घेतल्या. पाइप तापला की लांब होतो, म्हणून तो स्प्रिंगच्या आधारांवर लटकवलेला असतो. त्या जोडाजवळचा आधार गंजून अडकला होता. फुटण्याआधी तीन वर्षं, दर पाहणीत, तशी नोंद होती आणि खाली लिहिलं होतं, पुढच्या वेळी केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवताना बदलावा. तसे तीन बंद येऊन गेले. पाइप वाकण्याचा सगळा ताण त्या एका जोडाच्या कडेवर येत राहिला.

प्रबंध पुरा झाला, तोंडी परीक्षा झाली. आई मागच्या रांगेत पदर सावरून बसली होती. तिला त्यातलं फार कळलं असेल असं नाही, पण बाहेर आल्यावर जिन्यात थांबून तिने विचारलं, "म्हणजे यांचं चुकलं नव्हतं."

"नाही, आई."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

बारकीने खरं ते सांगितलं. आईने कठडा घट्ट धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस. मी नसतं का त्यांच्या कानात सांगितलं?" आणि जिना उतरायला लागली. पुढे महिनाभर तिने बारकीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

वीज केंद्राने अहवाल मात्र मनावर घेतला. तशा पोलादाचे सगळे जोड तपासले, चौदा ठिकाणी तशीच भेग सुरू झालेली सापडली. ते पाइप बदलले, आधार बदलले. चौदापैकी एक तर जेवायच्या खोलीच्या वरूनच जात होता. पण जुन्या चौकशीबद्दल बारकीने लिहिलेल्या पत्राला तीन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं आहे, आपल्या निष्कर्षांची नोंद घेण्यात आली आहे. शेवटी कळावे, आणि न वाचता येणारी सही.

मामीला सांगायला हवं होतं. बारकी एका दुपारी गेली. मामीचं दुकान एका गल्लीच्या टोकाला, पुढे मशीन, मागे राहायची खोली. केस पांढरे झालेले, गळ्यात टेप. तिने बारकीला ओळखायला क्षणभर वेळ घेतला, मग पायाने स्टूल पुढे सरकवलं. बारकीने सगळं सांगितलं. पट्टा, पोकळ्या, गंजलेला आधार. मामी ऐकताना हातातल्या कापडाची घडी घालत होती, मोडत होती.

"म्हणजे भावोजींचा दोष नव्हता," मामी म्हणाली.

"नव्हता."

"तुझी खात्री आहे? बाप म्हणून नाही ना बोलत?"

"नाही, मामी. म्हणून तर इतकी वर्षं लागली."

मामीने कापड बाजूला ठेवलं. "मग हे मला कशाला सांगायला आलीस?"

बारकी गोंधळली. "तुला कळावं म्हणून..."

"मला कळून आता काय करू मी?" मामीचा आवाज चढला. "तुला माहितीये का काही? तुमच्या शेजारच्या खोल्या सोडून मला महिना झाला होता तेव्हा. ते आले होते, तुझे बाबा. ह्या दुकानाआधी मी राहायचे त्या घरी, भरदुपारी. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, जोड माझा होता, तू सांगशील ते मी करेन. मी म्हटलं, पुन्हा वेल्डिंगला हात लावायचा नाही. मरेपर्यंत नाही. ते म्हणाले, बरं. नुसतं बरं म्हणाले गं. वर्षभराने केंद्राने त्यांचं प्रमाणपत्र परत केलं होतं, ठाऊक आहे? दुसऱ्या कारखान्यातून बोलावणंही आलं होतं. मला सगळी खबर मिळायची. मी वाट बघत होते, कधी हात लावतात आणि मी जाऊन तोंडावर बोलते. एकदा मुद्दाम तुटकी सायकल देऊन माणूस पाठवला होता मी त्यांच्या दुकानात. त्यांनी परत पाठवली."

घरात ह्यातलं कोणालाच माहीत नव्हतं. प्रमाणपत्र परत आलेलं आईलाही नाही.

"मला कोणावर तरी राग हवा होता," मामी म्हणाली. "पाइपावर काय रागावणार? आणि ते काही बोलायचेच नाहीत, मग राग ठेवणं फार सोपं गेलं. पंधरा वर्षं मी त्याच्यावरच उभी होते. आता तू म्हणतेस, ते नव्हतंच." तिने चष्मा काढला, टेपच्याच टोकाने डोळे पुसले. "जा आता तू. जा बाई."

बारकी गल्लीतून बाहेर आली तेव्हा आपण चांगलं केलं की वाईट हे तिला कळत नव्हतं. खरं सांगितल्यावर बरं वाटतं, हे कोणी सांगितलं होतं? आईला बरं वाटलं नाही, मामीला वाटलं नाही, आणि ज्यांना वाटलं असतं ते ऐकायला नव्हते.

पाच-सहा आठवडे गेले. एका रविवारी आई बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होती आणि खाली फाटकाशी मामी उभी होती. हातात काही नव्हतं. आईने वरून बघितलं. एवढ्या वर्षांच्या सवयीने ती आत वळलीही. मग थांबली, हातातले कपडे तसेच छातीशी धरून जिना उतरली.

"वन्सं," मामी म्हणाली.

"ये," आई म्हणाली. "वर ये. चपला इथे नको काढूस, कुत्रं नेतं."

बारकीने चहा ठेवला. बाहेरच्या खोलीत मामी हळूहळू बोलायला लागली, उंबऱ्याबाहेरची ती दुपार, सगळी. आई मधे बोलली नाही. बारकी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, दूध उतू जाईल म्हणून तिने गॅस बारीक केला. बारकीला वाटलं, आता आई तिला उठून जायला सांगणार.

आई म्हणाली, "तो शिट्टी वाजवायचा आठवतं का गं तुला? जिना चढताना. सूर कधी धड लागला नाही मेल्याला."

"तीच तीच शिट्टी," मामी म्हणाली. "मी म्हणायचे, बंद करा, लोक हसतात."

आणि आईला रडू फुटलं. पंधरा वर्षांत भावासाठी ती पहिल्यांदा रडत होती, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि आता त्या रडण्याने कोणाला दुखेल असं घरात कोणी नव्हतं. मामीही रडत होती. कोण कोणासाठी रडतंय हे बाहेरून कळण्यासारखं नव्हतं. बारकीने तीन कप भरले. ते घेऊन बाहेर जावं की थोडं थांबावं, हे न कळून ती तशीच उभी राहिली, आणि कपांमधून वाफ निघायची थांबली तरी उभीच होती.